दोन उन्हाळ्यांची मुदत

आमच्या भवानी पेठेत उन्हाळा लागला की दोन गोष्टी घराघरांतून एकदमच बाहेर पडत, खाटा आणि नारू. खाटा अंगणात पडत, कारण सोलापूरच्या चैत्रात छपराखाली झोपणं कुणाच्या बापाला जमत नसे. आणि नारू पडत माणसांच्या पायांतून. नारू म्हणजे काय, हे आता माझ्या नातवंडांना समजावून सांगावं लागतं आणि सांगितलं की ती तोंड वाकडं करून पळून जातात. घोट्याजवळ किंवा पोटरीवर एक फोड यायचा, त्याची विस्तवाचा चटका बसल्यासारखी आग व्हायची, फोड फुटला की आतून पांढऱ्या सुतासारखा किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि मध्येच तुटला की पाय भोपळ्यासारखा सुजायचा आणि माणूस महिना महिना अंथरुणाला खिळायचा. काडी बांधलेला पाय पुढे पसरून ओट्यावर बसलेलं माणूस दिसलं, तर आम्ही मुली त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हतो. पावसाळ्यात छत्र्या दिसाव्यात तसे उन्हाळ्यात ते पाय दिसत.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा, मागे परस. वडील हायस्कुलात सायन्स शिकवत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, गाव त्यांना मास्तर म्हणे. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की आई उठायची आणि तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजात शेजारच्या मागाचा खटका मिसळायचा. शेजारी राजय्या आणि नरसम्मा हे तेलुगू विणकर जोडपं राहत होतं. राजय्याचा माग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला, पाय खाली पावड्यांवर, हात वर धोट्यावर. तो लुगडी विणी आणि विणताना स्वतःशीच तेलुगूत काहीतरी गुणगुणे. नरसम्माचं मराठी आमच्या आईकडून शिकलेलं आणि आईचं तेलुगू नरसम्माकडून, त्यामुळे दोघींचं बोलणं तिसऱ्याला कळत नसे. दुपारी नरसम्मा चिंचेचं सार वाटीभर आणून द्यायची, आई तिला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी द्यायची. दह्यात कालवलेल्या त्या चटणीची चव मी पुढे किती गावं फिरले, पण कुठे मिळाली नाही.

पाण्याचा नळ गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता खरा, पण उन्हाळ्यात तो नुसता फुसफुसायचा. मग सारी पेठ देवळामागच्या बारवेवर जायची. जुन्या दगडी बांधणीची ती विहीर, तळापर्यंत उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या. वरती ऊन रटरटत असलं तरी खाली गार, ओलसर वास यायचा. बायका घागरी बुडवीत, तिथेच पायरीवर लुगडी धूत, पुरुष तिथेच अंघोळी करीत. ज्याच्या पायाला नारू असे तो तर तिथे हमखास असायचा, कारण त्या फोडाची आग थंड पाण्यात पाय सोडला की क्षणात विझते. हा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे, म्हणून सांगते, त्या वेळी त्या पाण्याहून मोठं सुख जगात नसतं.

ज्या उन्हाळ्याची ही हकीकत आहे त्या उन्हाळ्यात राजय्याला नारू झाला, तोही दोन्ही पायांना. डाव्या पायातला निघाला, उजव्यातला तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. पावड्या दाबायला पायच नाहीत म्हटल्यावर माग थांबला आणि आमची सकाळ निम्मी मुकी झाली. नरसम्मा दिवसभर विड्या वळायला लागली. ती एकदा आमच्या ओट्यावर बसून विडीची पानं कातरता कातरता आईला म्हणाली, "अक्का, देवानं हात देले, पाय देले. पाय दरसाल वापस घेतो. असं कसं?" आत अण्णा वह्या तपासत होते. त्यांनी लेखणी खाली ठेवलेली मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी ते शाळेतून सूक्ष्मदर्शक घेऊन आले, पण तो लागलाच नाही. बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन त्यांनी तो उन्हात धरला आणि आम्हाला बोलावलं. पाण्यात पांढरे ठिपके होते, खसखशीच्या दाण्याहून बारीक, आणि ते थांबून थांबून उड्या मारीत होते. अण्णा म्हणाले, ह्या पाण्यातल्या पिसवा. नारूचं माणूस पायरीवर पाय बुडवतं तेव्हा नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो, ती ह्या पिसवा गिळतात, आपण पिसवांसकट पाणी पितो, आणि पिल्लू आपल्या अंगात वर्षभर वाढून पुढच्या उन्हाळ्यात पायातून बाहेर पडतं. आई उठली, आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा चौपदरी करून तिने हंड्याच्या तोंडाला बांधला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी गाळल्याशिवाय पाणी कुणी प्यायलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी सहज म्हणाले, "चंपाबेनच्या घरी असंच फडकं असतं की." चंपाबेन म्हणजे गल्लीतल्या जैन कापडवाल्यांची बायको. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांच्यात पाणी गाळूनच प्यायची रीत. अण्णांचा घास हातातच राहिला. "इंदू, त्यांच्या घरी नारू झालेला तुला आठवतो?" मी आठवून पाहिलं. आईनेही पाहिलं. एकाच बारवेचं पाणी, पण त्या घरात काडी बांधलेला पाय कुणीच पाहिलेला नव्हता. अण्णा इतके खूष झाले की ताटावरून अर्धपोटी उठले आणि ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागले. बारवेच्या पायऱ्या बंद करायच्या, वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा, पाण्यात कुणाचा पाय लागू द्यायचा नाही. उपाय इतका सोपा होता की आठ दिवसांत होईल असं त्यांना वाटलं.

आठ दिवसांत फक्त एवढंच झालं की लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले. अण्णा देवळाच्या पारावर उभे राहून बोलत, पण बोलत पुस्तकासारखं. 'जलजन्य कृमी' आणि 'रोगाचे संक्रमण' असले शब्द ऐकून माणसं आदराने मान डोलवीत आणि घरी जात. देवळाचे पंच आणि नगरपालिकेचे सभासद आबासाहेब यांनी तर त्यांना तोंडावर सांगितलं, "मास्तर, मला तीनदा नारू झालाय. नारू रक्तातनं येतो. माझ्या आज्याला झाला, बापाला झाला. पायऱ्या बांधणाऱ्या पुण्यवान माणसाला काय अक्कल नव्हती व्हय?" आबासाहेब वाईट माणूस नव्हते. दुष्काळाच्या साली त्यांनी आपलं धान्याचं कोठार उघडून दिलं होतं, हे सारी पेठ जाणत होती. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन होतं.

रात्री आई म्हणाली, "अहो, तुमचं मराठी मला कळत नाही, नरसम्माला काय कळणार? आणि तुम्ही बोलता कुणाशी? पाणी भरतं कोण?" दुसऱ्या दिवशी तिने पेला घेतला, मला बरोबर घेतलं, आणि आम्ही घरोघर हिंडायला लागलो. परक्या पुरुषाला जिथे उंबरा ओलांडता आला नसता त्या स्वयंपाकघरांत आम्ही मायलेकी पाटावर बसलो. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. पंधराव्या वर्षी लग्न न झालेली आणि शाळेत जाणारी मुलगी म्हणजे बायकांना नारूपेक्षा मोठं नवल. आधी माझी चौकशी होई, मग पाण्याची. आई पेला उन्हात धरी, ठिपके दाखवी, मग तेच पाणी फडक्यातून गाळून पुन्हा दाखवी. बोलायची थोडं, ऐकायची फार. आणि तिथे आम्हाला कळलं की बायकांच्या मनात पाप-पुण्याचा प्रश्न नव्हताच. एक म्हणाली, "पायरीवर घागर बुडवली की झालं. दोरानं वडायची म्हंजे हाताची सालं जातील की, बाई." दुसरी म्हणाली, "आन् धुणं कुटं धुवायचं? तुमी बांधून देणार व्हय?"

आईने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णा चिडले. "अगं, हा शास्त्राचा विषय आहे. धुण्याचा नाही."

"पायऱ्या बंद केल्या आणि बायका धुणं घेऊन ओढ्यावर गेल्या, पाणीही तिथलंच भरायला लागल्या, तर तुमचं शास्त्र काय करणार? तेही ओढ्यावर जाणार का?"

अण्णा गप्प बसले. माझे वडील हुशार होते, पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो या गप्प बसण्याबद्दल. दोन दिवसांनी त्यांनी नगरपालिकेला जो अर्ज केला त्यात एक रहाट होता त्याचे दोन झाले होते, आणि बारवेपासून चांगला वीस हात दूर एक दगडी कट्टा आला होता, धुण्यासाठी आणि अंघोळीसाठी, सांडपाणी बाहेर काढणाऱ्या मोरीसकट.

निकाल व्हायच्या आधी आबासाहेबांनी देवळाच्या मंडपात सभा बोलावली. पेठेचं मत काय ते कळल्याशिवाय नगरपालिकेत हात वर करणार नाही, असं ते म्हणाले, आणि ते मला आजही बरोबर वाटतं. सभेच्या आदल्या दिवशी अण्णांचे एक वकील मित्र आले होते. ते म्हणाले, "सगळं सांगा, फक्त पुढच्या उन्हाळ्याचं बोलू नका." कारण उघड होतं. ज्यांच्या अंगात नारू आधीच शिरलेला होता त्यांच्या पायांतून तो वर्षाने बाहेर पडणारच होता, मग पायऱ्या आज बंद करा की उद्या. "हे बोललात तर कोण मत देईल तुम्हाला? आधी भिंत होऊ द्या. मग बघू." अण्णा 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. त्या रात्री ताक पिता पिता त्यांनी आईला विचारलं, काय करू? आई म्हणाली, "नरसम्मानं उद्या तुम्हाला विचारलं तर तिला काय सांगाल?"

मंडप भरला होता. पुरुष पुढे, आम्ही बायका मागच्या ओवरीत. अण्णांनी त्या दिवशी आईच्या भाषेत बोलायचा प्रयत्न केला आणि तो बराच साधला. पेला हातोहात फिरला. एका म्हाताऱ्याने तर त्यात बोट घालून ठिपका पकडायची खटपट केली. सगळं जुळत आलंसं वाटत असताना आबासाहेब उठले.

"मास्तर, एकच सांगा. पायऱ्या बंद केल्या तर पुढल्या उन्हाळ्यात पेठेत नारू होणार न्हाय, असं लिहून देता?"

वकील मित्राने खाली बघितलं. अण्णा म्हणाले,

"नाही देत. पुढल्या उन्हाळ्यात नारू होईल. जो आज आपल्या अंगात आहे तो बाहेर येईलच. माझ्याही घरात येईल कदाचित. त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात मात्र येणार नाही."

मंडपात हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "आज काढा दिला, गुण दोन वर्सांनी!" आबासाहेबही हसले. माझे कान तापले, आणि अण्णांनी वकिलांचं ऐकायला हवं होतं असं मला वाटलं. त्या गोंधळात नरसम्मा उभी राहिली. पदर तोंडावर धरून, पण आवाज खणखणीत. "आबासाब, रहाट दोन देणार का एक? आन् कट्टा पायले बांधणार का भिंत पायले?" बायकांकडून एकदम कुजबूज उठली, "कट्टा आधी, कट्टा आधी." आबासाहेबांनी ओवरीकडे वळून बघितलं. पेठेच्या सभेत बायकांनी काही मागितल्याचं त्यांना आठवत नसावं. ते म्हणाले, "म्हंजे तुमी पायऱ्या बंद करायला तयार हाय?" ओवरीतून कुणी 'हो' म्हटलं नाही. नरसम्माच म्हणाली, "कट्टा बांदा, मग तयार."

आबासाहेब खाली बसले, दाढी खाजवली आणि म्हणाले, "ठीक हाय. दोन उन्हाळ्यांची मुदत. मास्तर म्हणतात तसं झालं तर भिंत राहील. न्हाय झालं तर मी माझ्या हातानं पाडीन."

दिवाळीपर्यंत कट्टा झाला, भिंत झाली, दोन रहाट बसले. त्यांच्या करकरण्याने बारवेचा आवाजच बदलला. बायकांच्या हातांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. धुण्याचा कट्टा मात्र पहिल्या दिवसापासून गजबजला, कारण तिथे उभ्याने धुता येई आणि कंबर मोडत नसे.

मग चैत्र आला आणि अण्णा म्हणाले होते तसा नारू आला. पहिल्यांदा पलीकडच्या गल्लीत दोघांना, मग इकडे, आणि एका सकाळी माझ्या उजव्या घोट्याची आग व्हायला लागली. पेला उन्हात धरायच्या आधी मी किती ओंजळी पाणी प्यायले असेन त्या बारवेचं! फोड फुटला, डोकं दिसलं, आईने काडी बांधली. गावात बातमी पसरायला दुपार लागली नाही. मास्तरांच्या पोरीलाच नारू. मी ओट्यावर पाय पसरून बसले असताना माणसं मुद्दाम गल्लीतून जात. पाय गार पाण्यात सोडावा अशी इतकी इच्छा होई की मी पदराचं टोक चावत बसे. आई बादलीभर पाणी आणून पाय त्यात बुडवू द्यायची आणि मग ते पाणी लांब नेऊन तापलेल्या मातीवर ओतायची.

अशाच एका सकाळी पाचसहा जण पहारी घेऊन बारवेकडे निघालेले मी ओट्यावरून पाहिले. अण्णा शाळेत होते. आईने हाताचं पीठ झटकलं आणि तशीच निघाली. मी काठी घेतली आणि लंगडत तिच्या मागे. आई म्हणाली, "बस खाली." मी बसले नाही. बारवेवर पोचेपर्यंत पहार भिंतीला लागली होती, एक चिरा हलला होता. नरसम्मा आणि चंपाबेन आधीच तिथे होत्या, रहाटाचे दोर हातात.

पहारवाला म्हणाला, "काकू, बाजूला व्हा. मास्तर खोटं बोलला. नारू झाला की न्हाय?"

"झाला की," आई म्हणाली. तिने माझ्या पायाकडे हात केला. "हा बघ. माझ्याच पोरीला झाला. आणि नारू होईल, हे गेल्या साली भर मंडपात कोण म्हणालं होतं? तू हसला होतास. मीच बघितलं होतं तुला हसताना."

तेवढ्यात कुणीतरी आबासाहेबांना बोलावून आणलं होतं. ते आले, माझ्या पायापाशी वाकले, काडीला गुंडाळलेला तो पांढरा दोरा त्यांनी निरखून पाहिला. ज्याला तीनदा झालाय त्याला ती आग ठाऊक असते. मग उठून ते पहारवाल्याला म्हणाले, "मास्तर म्हणाला व्हता होईल. झाला. त्याला खोटं बोलायचं असतं तर त्या दिवशीच बोलला असता, तवा तर मी त्याला पायघड्याच घातल्या व्हत्या. निम्मं खरं झालं. आता उरलेलं निम्मं बघू. चिरा बसव." पहारवाल्याने चिरा पुन्हा बसवला. थोडा वाकडाच बसवला, आणि तो शेवटपर्यंत वाकडाच राहिला.

अण्णा संध्याकाळी आले. आईने त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्या खाटेवर येऊन बसले आणि बराच वेळ माझा पाय मांडीवर घेऊन होते. मला वाटतं, त्या वर्षभरात ते पहिल्यांदाच निवांत बसले होते.

पुढच्या उन्हाळ्यात नारू झाला नाही. चैत्र गेला, वैशाख गेला, लोक एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले. राजय्या मागावर विणत होता, माझी परीक्षा जवळ आली होती आणि त्या खटक्यात मला अभ्यास करवत नव्हता. एकाही घरात काडी बांधावी लागली नाही. कुणी सभा घेतली नाही, कुणी अण्णांना हार घातला नाही. जो आजार येत नाही त्याची आठवण ठेवायला वेळ कुणाला असतो? आबासाहेबांनी मात्र नगरपालिकेत ठराव आणला, शहरातल्या साऱ्या पायऱ्यांच्या विहिरी अशाच बंद करायचा. त्या ठरावात पेठेबाहेरच्या विहिरीही घाला, असं आई त्यांच्या घरी जाऊन सांगून आली. आमची बारव सगळ्यांसाठी नव्हती. ज्यांना तिच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती ते गावाबाहेरच्या डबक्यावरच पाणी भरत होते, आणि आम्ही घरोघर हिंडलो तेव्हा त्यांच्या घरी गेलो नव्हतो. तिकडे रहाट लागायला आणखी काही वर्षं गेली. लागला, पण उशिरा लागला, एवढं लिहून ठेवते.

त्यानंतर एका सकाळी अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून दोन शेतकरी आले. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलत. त्यांच्या विहिरीच्याही पायऱ्या बंद करायच्या म्हणाले, मास्तरांनी येऊन समजावून सांगावं. अण्णांनी पेला कागदात गुंडाळला. आई म्हणाली, "मीही येते." मग मीही गेले. दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत आमची बैलगाडी त्यांच्या गावात पोचली. पाटलांच्या ओसरीवर घोंगडं अंथरलेलं होतं. अण्णांना बसवलं, गूळपाणी दिलं. आईभोवती बायका जमल्या. त्यांना मराठी फारसं येत नव्हतं आणि आईला कानडी मुळीच येत नव्हतं. एकीने आईचा हात धरला आणि "बा, अक्का, बा" म्हणत तिला विहिरीकडे चालवत नेलं. मी मागे गेले. आईने आधी दोन्ही हातांनी लुगडं आपटून दाखवलं आणि कुठे, कुठे, असं खुणेने विचारलं. बायका हसल्या आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीने उन्हाकडे बोट केलं, दुसरीने सावलीच्या झाडाकडे, तिसरीने वाकून कंबर चोळून दाखवली.

मी परत ओसरीवर आले तेव्हा अण्णांनी पेला नुकताच उन्हात धरला होता आणि समोरचे पुरुष माना पुढे काढून ठिपके शोधत होते. मला पाहून अण्णा म्हणाले, "बायकांना बोलाव की."

मी म्हणाले, "अण्णा, त्या येणार नाहीत आता. तिकडे धुण्याचा कट्टा कुठं बांधायचा ते चाललंय."

अण्णांनी पेला पाटलांच्या हातात दिला, चपला पायांत सरकवल्या आणि ते विहिरीकडे चालू लागले.